वाघावरचा योगी आणि भाच्याचं जग

भाचा सध्या एक काल्पनिक जग रचतोय, खेळासाठी. नकाशा झालाय, आकाशात दोन चंद्र लागलेत, राजघराण्यांची भांडणंही जुंपलीत. गाडी अडली ती धर्मापाशी. "मामा, देवळातले पुजारी जादूगारांना जाळतात असं दाखवू?"

अरे, तू मुक्ताईनगरचा. तुला चिता युरोपातून कशाला मागवायला हवी?

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं काळाला चकवलेला हा योगी वाघावर बसून, सापाचा चाबूक करून ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाला आणि समोरून भावंडांना घेऊन भिंतच चालत आली. या कथेत त्याची विद्या खोटी असं कुणीच म्हणत नाही. वाघ खरा, सापही खरा. प्रश्न एवढाच, की त्याचं मोल काय? मायना काय घालावा हे न सुचून त्यानं आधी कोरंच पत्र धाडलं होतं. मुक्ताबाई म्हणाली, एवढं जगून हा कोराच राहिला! उत्तरात ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या आणि चांगदेव त्या पोरसवदा मुलीचा शिष्य झाला. जाळणं वगैरे काही नाही, नुसती फजिती. योग्याच्या नावचं गाव आजही आहे. पण आषाढीला पंढरपूरला पालखी जाते ती मुक्ताईची, आणि एदलाबादचं मुक्ताईनगर झालं तेही तिच्याच नावानं.

भाच्याचा किमयागार तळघरात लपून शिशाचं सोनं करतो. आपल्याकडे त्याला लपायची गरजच नव्हती. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रह' या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात रसेश्वर दर्शन, म्हणजे पाऱ्यातून मुक्ती शोधणारा पंथ, इतर दर्शनांच्या पंगतीला बसलंय. पारा हे शिवाचं बीज, अभ्रक पार्वतीचं, पाऱ्यावर अठरा संस्कार करायचे (माणसाला सोळाच!). सिद्ध झालेला पारा आधी धातूवर लावून बघायचा, मग देहावर. म्हणजे सोनं ही नुसती चाचणी, खरा डाव न मरण्याचा. जळगावच्या सराफ बाजारात हे सांगायची माझी हिंमत नाही.

परिसा भागवताचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत फेकला, तीही याच घराण्यातली गोष्ट. तिथेही परीस नकली नव्हता.

"पण मामा, मग भांडण कुठंय? खेळात भांडण लागतं."

भांडण घरात. आमची आई कीर्तनाहून येते आणि बुक्का पुसायच्या आत नातवाची मीठ-मोहरी-मिरचीनं दृष्ट काढते. कीर्तनकार नुकतेच असल्या गोष्टींवर तासभर बोललेले असतात. वडील चिडतात, पेपर तोंडासमोर धरतात आणि पेपराआडून विचारतात, "ठसका आला का?" आला नाही म्हटलं, की पेपर खाली येतो.

भाच्यानं लिहून घेतलं : पुजारी दृष्ट काढतो. मी खोडून दुरुस्त केलं : पुजाऱ्याची सासू.