आमची वाटचाल: तिकीट कंपनीचं, शिव्या आमच्या

1998 ला नागपुरात सीताबर्डीत जिन्याखालच्या गाळ्यात विमान तिकिटांची एजन्सी सुरू केली, मी अन् पार्टनर, एक टेबल, एक फोन. तिकीट हातानं लिहायचो, लाल कार्बन, संध्याकाळी जेवायला बसलो तरी बोटं लालच. 1 जून 2008 पासून कागदी तिकीट गेलं, त्याच सुमारास विमान कंपन्यांकडून मिळणारं कमिशनही गेलं, पार्टनर म्हणाला आता आपलं काही खरं नाही अन् निघून गेला. मी बुकिंगच्या काळ्या स्क्रीनवर एएन, म्हणजे कुठल्या विमानात जागा आहे ते बघायची कमांड, टाईप करत बसलो, मधली वर्षं बरी गेली.

मग 25 मार्च 2020, विमानं बंद. कळमन्याचे एक व्यापारी काका, पहिल्या वर्षापासूनचे कस्टमर, पुतण्याच्या लग्नाची 11 तिकिटं जानेवारीतच काढलेली. 16 एप्रिलला सरकारनं रिफंडचं सांगितलं ते फक्त लॉकडाऊनमध्ये बुकिंग केलेल्यांसाठी, काकांचे पैसे क्रेडिट शेलमध्ये अडकले, म्हणजे रोख परत नाही, कंपनीकडेच पुढच्या तिकिटासाठी जमा. काका दुकानात येऊन बसले, म्हणाले, "मी कंपनीले ओळखत नाही बाबू, तुले ओळखतो." मी माझी एफडी मोडली, काकांना पैसे दिले.

आता नियम बघा. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमात लिहिलंय की एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, म्हणून एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी कंपनीची. वाचायला छान. पण आम्ही हेल्पलाईनला फोन लावला की "पॅसेंजरला बोलू द्या", अन् पॅसेंजरनं लावला की "तुमच्या एजंटला विचारा". 1 ऑक्टोबर 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एजंटमार्फतचा रिफंड एजंटकडे जाईल अन् त्यानं तो लगेच ग्राहकाला द्यायचा. आम्ही तर आधीच खिशातून देऊन बसलो होतो, हे तिथं कोण सांगणार? अमेरिकेत हवाई प्रवाशांच्या संरक्षणासाठी 2012 च्या कायद्यानं सल्लागार समिती नेमली, त्यात कंपन्या, विमानतळ, राज्यं, ग्राहक संघटना, सगळे. एजंटची जागा यायला 2024 उजाडलं. उशिरा का होईना, आली तरी. इथं काऊंटरवर रोज शिव्या खाणाऱ्याला निदान नियम करताना विचारा की.

नवीन पोरांनो, बुकिंगमध्ये पॅसेंजरचाच मोबाईल टाका, स्वतःचा टाकू नका, अन् कॅन्सलेशन चार्ज आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. कोणी विचारलं नाही, तरी सांगतो.

ती 2020 ची वही अजून ड्रॉवरमध्ये आहे. पैसे आले तसे पीएनआर लाल पेनानं कापत गेलो. काकांचे शेवटी मिळाले. दोन पीएनआर तसेच आहेत, ती कंपनीच आता उडत नाही.