तिकडची स्विफ्ट भारी असते का हो?

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घरून दोन प्रश्न ठरलेले असतात, एक म्हणजे तिकडे खरंच कच्चे मासे खातात का आणि दुसरा म्हणजे तिकडची मारुती आपल्यापेक्षा भारी असते ना. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्यावरून मात्र आमच्या फॅमिली ग्रुपवर भांडणं होतात, कारण आमच्या मामांचं ठाम मत आहे की चांगला माल हे लोक स्वतःला ठेवतात आणि आपल्या गळ्यात पत्र्याचा डबा मारतात. मी राहतो हमामात्सुला, म्हणजे सुझुकीच्या मुख्य ऑफिसच्या गावात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की मला आतली खबर असणार. आधीच सांगतो, मी सुझुकीत नाही, माझं काम वेगळं आहे. पण इथे यायच्या आधी चाकणला एका व्हेंडरच्या टूल रूममध्ये होतो, बंपरच्या मोल्डच्या ड्रॉइंग्स बघण्यात दिवस जायचा, म्हणून रस्त्यावर ओळखीची गाडी दिसली की आपोआप तिचं नाक आणि बूड बघायची खोड लागलीय.

तर इथे आल्यावर पहिला धक्का वॅगन आरने दिला. नाव तेच, लोगो तोच, पण समोर उभी राहिलेली गाडी आपल्या वॅगन आरची धाकटी बहीण वाटावी इतकी बारीक. इथली वॅगन आर म्हणजे केई कार, जपानमधल्या सगळ्यात छोट्या गाड्यांच्या वर्गातली, पिवळ्या नंबरप्लेटवाली, आणि केईचे नियम एकदम कडक आहेत: लांबी 3.4 मीटरच्या आत, रुंदी 1.48 मीटरच्या आत, उंची 2 मीटर, इंजिन 660 सीसी. आपली वॅगन आर 3655 मिलिमीटर लांब आणि 1620 रुंद आहे, म्हणजे इथे ती केई म्हणून पासच होणार नाही. दोन जाडजूड माणसं पुढे बसली की कोपराला कोपर लागतं हे मी स्वतः एका मित्राबरोबर अनुभवलंय, हीटर चालू असेल तर बरंच वाटतं म्हणा. मग लोक घेतात का? तर भरपूर घेतात, जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या दर तीन नव्या गाड्यांत एक तरी केई असते. कारण साधं आहे, केईचा वर्षाचा टॅक्स 10,800 येन आणि 1.2 लिटरच्या स्विफ्टचा 30,500 येन. त्यात मोठी गाडी घ्यायची तर घरापासून 2 किलोमीटरच्या आत पार्किंगची जागा आहे असं पोलिसांकडून सर्टिफिकेट आणावं लागतं, त्यासाठी जागेचा नकाशा काढून त्यावर लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहून द्यायची, समोरचा रस्ता किती रुंद आहे तेही दाखवायचं. पुण्यात हा नियम लावला तर अर्ध्या सोसायट्यांमध्ये गाडीच येणार नाही!

मामांना मी हेच सांगत असतो की गाडीचा आकार डिझायनर ठरवतो हा आपला गैरसमज आहे, अर्धा आकार टॅक्सवाले ठरवतात, आणि हे फक्त आपल्याकडे नाही तर इथेही तसंच आहे. 1979 मध्ये सुझुकीने पहिली अल्टो काढली, किंमत 4 लाख 70 हजार येन, त्या काळात लोकांना खरं वाटेना इतकी कमी. सुझुकीचे तेव्हाचे अध्यक्ष ओसामु सुझुकींनी (तेच, ज्यांना 2025 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं) केलं काय, तर ही गाडी पॅसेंजर कार म्हणून विकलीच नाही, मालवाहू व्हॅन म्हणून विकली, कारण पॅसेंजर गाडीवर 15.5 टक्के कर होता आणि मालवाहूवर काहीच नव्हता. आता मालवाहू दाखवायची तर मागे माल ठेवायची जागा बसायच्या जागेपेक्षा जास्त हवी, म्हणून मागची सीट नावापुरती ठेवली. घरात एकटी बाई भाजी आणायला गाडी वापरणार, मागे बसणार कोण, असा हिशोब होता आणि तो अगदी बरोबर निघाला.

हे वाचताना डिझायर आठवली ना? 2008 ची पहिली डिझायर 4160 मिलिमीटर लांब होती, डिकी बऱ्यापैकी ऐसपैस. पण 2006 च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी छोट्या गाडीची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, 24 वरून 16 टक्क्यांवर आणली होती आणि छोटी म्हणजे 4 मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 पर्यंत. झालं, 2012 ची डिझायर आली ती 3995 मिलिमीटरची, मागून कापल्यासारखी. डिकीचं झाकण बंद करताना वाटायचं की गाडी अजून पुढे असायला हवी होती. फोक्सवॅगनने तर चाकणला पोलोवरून खास भारतासाठी अमियो काढली, जगात दुसरीकडे कुठे तिची गरजच नव्हती, तीही बरोबर 3995. स्विफ्टचं पेट्रोल इंजिनसुद्धा 2005 ला आलं तेव्हा 1.3 लिटरचं होतं, 2010 मध्ये 1.2 झालं ते उगाच नाही. चाकणला असताना हा 3995 आकडा इतका कानावर पडायचा की चार मीटर म्हणजे 4000 हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

गंमत म्हणजे इथे आल्यावर मला त्याचा जपानी जुळा भाऊ सापडला. आताची स्विफ्ट दोन्ही देशांत 3860 मिलिमीटर लांब आहे, इंजिन तेच तीन सिलिंडरचं झेड12ई. पण भारतात रुंदी 1735 आणि इथे 1695. का, तर इथे छोट्या गाडीच्या नंबरप्लेटचा वर्ग 1700 मिलिमीटर रुंदीला संपतो, त्याच्यावर गेलात की मोठ्या गाड्यांच्या वर्गात. म्हणजे आपल्याकडे 4000 ला पाच कमी आणि इथे 1700 ला पाच कमी, दोन्ही ठिकाणी कुणीतरी पट्टी घेऊन बसलेलं. खरं तर रुंदीवर आता इथे जास्तीचा टॅक्स नाही, वर्षाचा टॅक्स इंजिनवर ठरतो, पण लोकांची सवय गेलेली नाही आणि गल्ल्याही रुंद झालेल्या नाहीत. आमच्या गल्लीत समोरून गाडी आली की एकाने आरसे मिटायचे आणि विजेच्या खांबाला चिकटून उभं राहायचं, हॉर्न कुणी मारत नाही, उलट दोघं एकमेकांना मान लववतात. तिथे ते चार सेंटीमीटर खरंच कामाला येतात.

बाकीचे फरक बघितले की कुठला देश कशाला पैसे देतो ते कळतं. इथल्या स्विफ्टला माइल्ड हायब्रिड (इंजिनला छोट्या विजेच्या मोटरची मदत) आणि सीव्हीटी, म्हणजे गिअरचे धक्के नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो, आपल्याकडे हायब्रिड नाही आणि ऑटोमॅटिक हवी तर एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण गिअर आपोआप पडणारा, जी स्वस्त पडते पण गिअर बदलताना मान हलवते. इथे फोर व्हील ड्राइव्हची स्विफ्ट मिळते, कारण होक्काइदो, निगाता इकडे बर्फ इतका पडतो की त्याशिवाय घराबाहेर निघता येत नाही. उलट आपल्याकडे सीएनजी स्विफ्ट मिळते, इथे ती शोधूनही सापडणार नाही. आणि 2007 पासून बरीच वर्षं आपल्याकडे जी डिझेल स्विफ्ट पळत होती, फियाटचं 1.3 लिटर इंजिन घातलेली, ती इथल्या लोकांनी कधी बघितलीच नाही. माझ्या भावाच्या तसल्या स्विफ्टने पुणे-नागपूर इतक्या वेळा मारलंय की ते ऐकून इथला माझा ऑफिसातला मित्र विचारत होता, ही टॅक्सी होती का.

किमतीचंही बघा, 2024 ची स्विफ्ट इथे 17 लाख 27 हजार येनपासून सुरू झाली, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साधारण 9 लाखांच्या पुढे, आणि आपल्याकडे 6 लाख 49 हजारांपासून. मधल्या अडीच-तीन लाखांत सीव्हीटी, रडार, कॅमेरा असं बरंच काही बसतं, पण ते भारतात लावून 9 लाखाला विकली असती तर मामांनीच आधी म्हटलं असतं, स्विफ्टला नऊ लाख? वेड लागलंय का यांना!

पण एका बाबतीत मामांचं बरोबर आहे आणि तिथे मी वाद घालत नाही. सुरक्षेचं. 2010 मध्ये युरोपच्या स्विफ्टला युरो एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी आपटून सुरक्षा तपासणाऱ्या तिथल्या संस्थेच्या चाचणीत, पाच स्टार मिळाले होते आणि 2014 मध्ये तसल्याच चाचण्या करणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतातली बिनएअरबॅगची स्विफ्ट आपटून बघितली तर शून्य. चेहरा तोच, नाव तेच. इथे टॅक्स, बर्फ, गल्ली असलं कुठलंच कारण चालत नाही, भारतात कायद्याने मागितलं नव्हतं म्हणून दिलं नाही इतकंच. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै 2019 मध्ये, म्हणजे केवढ्या उशिरा बघा, आणि आपणही शोरूममध्ये जाऊन टचस्क्रीन केवढी आहे तेच विचारत होतो. आता 2024 च्या स्विफ्टला सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग्स आहेत आणि त्याच वर्षीच्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, तेव्हा करायचं ठरवलं तर जमत होतं.

सध्या मात्र उलटी गंगा जोरात आहे. भारतात बनलेली बलेनो 2016 मध्ये इथे आणली होती, ती काही फार चालली नाही, 2020 मध्ये गुपचूप बंद झाली. मग ऑक्टोबर 2024 मध्ये गुजरातच्या कारखान्यातून फ्रॉन्क्स आली. ती बघायला मी मुद्दाम गेलो होतो. इथल्या फ्रॉन्क्सला 1.5 लिटर इंजिन, सहा गिअरचं ऑटोमॅटिक, हवी तर फोर व्हील ड्राइव्ह, यातलं ते ऑटोमॅटिक तेवढं आपल्याकडच्या टर्बो फ्रॉन्क्सला मिळतं, बाकीचं नाही. लांबी मात्र तीच 3995! इथे त्या आकड्याचा टॅक्सशी काही संबंध नाही, त्यामुळे जाहिरातीत सांगतात काय तर छोट्या जागेत वळते, 4.8 मीटरची टर्निंग रेडियस. आणि उंची 1550, त्यालाही इथे भारी किंमत आहे, कारण स्टेशनजवळच्या लिफ्टवाल्या टॉवर पार्किंगमध्ये बहुतेक ठिकाणी तेवढीच उंची चालते, दारावर पाटीच असते. एक इंच जास्त असली तर तिथला काका हसतमुखाने, वाकून, तुम्हाला परत पाठवतो.

आणि जिम्नीची गोष्ट तर सगळ्यात मजेशीर. पाच दारांची जिम्नी आपल्याकडे जून 2023 मध्ये आली, तिच्यावर नंतर केवढे डिस्काउंट लागले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तीच गुरुग्रामची गाडी सुझुकीने 30 जानेवारी 2025 ला इथे जिम्नी नोमाद नावाने जाहीर केली, महिन्याला 1200 विकू असा अंदाज होता आणि चार दिवसांत 50 हजारांच्या आसपास ऑर्डर आल्या, बुकिंगच बंद करावं लागलं. इथे लोकांची तक्रार अनेक वर्षं एकच होती की जिम्नी झकास आहे पण मागे बसायचं कसं, तीन दारं. आपल्याकडे ती लांबीला 4 मीटरच्या आत असूनही इंजिन 1.5 लिटरचं, त्यामुळे टॅक्स वरचा. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला तेव्हा स्विफ्टला 18 टक्के लागले आणि जिम्नीला 40. त्या पैशात आपल्या माणसाला मोठी डिकी, सनरूफ आणि तीन जण बसतील अशी मागची सीट हवी असते, आणि चूक काय त्यात, वीकेंडला महाबळेश्वरला आई-बाबा, दोन मुलं आणि बॅगा घेऊन जायचं असतं, चिखलात गाडी घालायला कितीजण जातात?

पुतण्या अधूनमधून विचारतो की इथली तीन दारांची, 660 सीसीची जिम्नी भारतात का आणत नाहीत. अरे, भारतात 660 ला आणि 1200 ला टॅक्स सारखाच, मग अर्ध्या इंजिनसाठी पैसे कोण मोजेल, आणि खंबाटकी घाटात एसी लावून चार माणसं बसवलीस की तुझं तुलाच कळेल.