रेडिओ आकाशातले खोटे स्रोत: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी टीजीएसएस या रेडिओ आकाशाच्या सर्वेक्षणातली एक प्रतिमा घेतली. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी, १५० मेगाहर्ट्झला टिपलेलं हे आकाश. डेटा सगळ्यांना खुला आहे, म्हणून खानापुरात घरी बसून काम जमलं.

स्रोत, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या आकाशातल्या वस्तू, शोधायला पायबीडीएसएफ हे सॉफ्टवेअर वापरलं. ते इन्स्टॉल करण्यात दोन दिवस गेले, ते असो. पावसाळ्यात मलप्रभेचं पाणी भाताच्या शेतात शिरलं की उंचवटे तेवढे वर राहतात, या सॉफ्टवेअरचंही तसंच. आधी नॉइज, म्हणजे प्रतिमेतली नुसती खरखर मोजायची; तिच्या सरासरी चढउताराला सिग्मा म्हणतात. ५ सिग्माच्या वर डोकं काढेल तो स्रोत, आणि त्याच्याभोवती ३ सिग्मापर्यंतचा भाग म्हणजे त्याचं बेट. मग बेटावर गाउसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचा उंचवटा, बसवून जागा, आकार आणि तेज काढायचं.

पहिली यादी भली मोठी आली आणि मी हरखलो. रात्री प्रतिमा मोठी करून बघितली तर एका प्रखर स्रोताभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे, आणि माझे बरेचसे ‘स्रोत’ त्या पट्ट्यांवर रांगेनं बसलेले! १४०० मेगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस या दुसऱ्या रेडिओ सर्वेक्षणामध्ये त्या जागा रिकाम्या होत्या. काही स्रोत वरच्या वारंवारतेला मंदावतात हे खरं, पण सगळे एकाच रेषेत कसे मंदावतील? कॅलिब्रेशनमधून, म्हणजे दुर्बिणीच्या मोजमापातले दोष काढण्याच्या कामातून, उरलेल्या चुकांचे ते ठसे होते.

“काय करायलास रे अजून? भात निवला,” आईनं हाक मारली तेव्हा कुठे कारण सापडत होतं. सॉफ्टवेअर प्रतिमेवर एक चौकट सरकवत तिच्यातल्या भागाचा नॉइज मोजतं; ती चौकट मी फार मोठी ठेवली होती. प्रखर स्रोताजवळचा वाढलेला नॉइज लांबच्या शांत आकाशात मिसळून कमी दिसत होता, आणि पट्टे ५ सिग्माच्या वर जात होते.

मग चौकट अगदीच लहान केली. खोटे स्रोत गेले, पण एका रेडिओ दीर्घिकेचा पसरट लोब, म्हणजे तिच्या एका बाजूला पसरलेला रेडिओ ढग, तोही गेला. सॉफ्टवेअरनं तोच नॉइज समजला. मला फार वाईट वाटलं. खरी वस्तू हातची जाणं खोटी सापडण्यापेक्षा वाईट, असं माझं मत आहे.

शेवटी अडॅप्टिव्ह पर्याय चालू केला: प्रखर स्रोतांजवळ लहान चौकट, बाकीकडे मोठी. लोब परत आला. यादीत मात्र दीर्घिकेचे दोन्ही लोब दोन वेगळे स्रोत म्हणून आले होते. ते मी डोळ्यांनी बघून, वहीत नोंद करून, एकत्र जोडले.