टाटा २५१८ टिपरचं सिक्स बीटी इंजिन पूर्ण बांधताना: मापं, भाग आणि काम कुठे फसतं

गाडी टाटा २५१८ टिपर, खडी आणि मुरमाच्या कामावरची. इंजिन कमिन्सचं सिक्स बीटी, ५.९ लिटर, १०२ मिलीमीटर बोअर (सिलिंडरचं भोक) आणि १२० मिलीमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव). तक्रारी नेहमीच्याच: तेल खातंय, ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांवरून निसटलेला गॅस, मारतंय आणि गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर खाली बसतंय. अशा इंजिनाला मालक आणि मिस्त्री दोघेही एकच औषध सांगतात, किट (नव्या पिस्टन-रिंगांचा संच) टाका. किट टाकून इंजिन चालतंही. पण ज्या कारणाने पहिले पिस्टन झिजले ते कारण गाडीतच राहिलं, तर नवे पिस्टनही त्याच वाटेने जातात. म्हणून मी इंजिन उतरवण्याआधी हवेची लाइन खोलतो.

एअर फिल्टर ते टर्बो या पाइपाच्या आतून पांढरं फडकं फिरवलं तर त्यावर बारीक धूळ आली. टर्बोच्या कॉम्प्रेसर चाकाच्या पात्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. फिल्टर नवाच होता. दोष निघाला रबरी होजमध्ये, क्लिपच्या खाली, जिथे बाहेरून चीर दिसत नाही. फिल्टरनंतरच्या पाइपातून धूळ शिरली की ती सरळ बोअरमध्ये जाते. त्याची खूण अशी: सहाही बोअर वरच्या रिंगेपाशी जवळपास सारखेच झिजतात आणि वरच्या रिंगेची कड धारदार होते. एकच सिलिंडर खराब असेल तर संशय नोझलवर (डिझेल फवारणाऱ्या तोटीवर) घ्यायचा, कारण गळणारं नोझल भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. बोअर ठीक आणि बेअरिंगला ओरखडे असतील तर घाण तेलातून आली असं समजायचं.

उतरवण्याच्या कामात विशेष काही नाही. इंजिन चारशे किलोच्या वर आहे, त्यामुळे चेनकप्पी आणि स्टँड दोन्ही भरवशाचे हवेत. टाइमिंग पिन वापरून एक नंबर पिस्टन टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) लावला असेल, तर फ्लायव्हील फिरवण्याआधी ती पिन बाहेर ओढायची. ती कॅम गिअरच्या भोकात तशीच राहिली आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवला तर पिन तुटते, कधी बैठकही. पिस्टन वर काढण्याआधी बोअरच्या तोंडाशी साचलेला कार्बन खरवडून घ्यायचा. रॉड आणि कॅपवरचे नंबर पाहून घ्यायचे. दिसत नसतील तर स्वतः खुणा करायच्या. कॅप अदलाबदल झाली तर बिग एंडचा (रॉडच्या क्रँककडच्या तोंडाचा) गोलावा जातो आणि नवं बेअरिंग धरतं.

खरं काम मोजण्यापासून सुरू होतं. सामानाची यादी मोजमापानंतरच करायची. आधी किट आणलं तर ते किट खपवण्यासाठी बोअर केला जातो.

बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजला. या इंजिनाचा स्टँडर्ड बोअर १०२.००० ते १०२.०४० मिलीमीटर असतो आणि झिजीची मर्यादा १०२.११६. इथे वरच्या रिंगेपाशी १०२.१४ ते १०२.१७ आलं, खाली मात्र जवळजवळ मूळ माप होतं. मर्यादेच्या आत असता तर होनिंग (दगडाने बारीक घासणं) करून नव्या रिंगांवर भागलं असतं. आता बोअर वाढवून ०.५० ओव्हरसाइज (अर्धा मिलीमीटर मोठे) पिस्टन घेणं भाग होतं.

इथे एक वाद नेहमी होतो. सिक्स बीटीच्या ब्लॉकला कारखान्यातून लायनर (आतली वेगळी नळी, म्हणजेच स्लीव्ह) नसतो, पिस्टन थेट ब्लॉकमध्येच चालतो. बरेच जण पहिल्याच कामाला सहाही सिलिंडरना स्लीव्ह मारून स्टँडर्ड पिस्टन बसवतात, कारण ते सहज मिळतात. मला ते पटत नाही. मूळ भिंतीतून उष्णता सरळ पाण्यात जाते. स्लीव्ह कुठे पूर्ण टेकली नाही, तर मध्ये हवेचा थर राहतो आणि तिथेच पिस्टन गरम होऊन धरतो. ०.५० आणि १.०० अशी दोन मापं हातात असताना स्लीव्ह शेवटी ठेवावी: भिंत तडकली, खोल खड्डा पडला किंवा १.०० चंही माप संपलं तर. तेव्हाही एखाद्याच सिलिंडरला मारता येते.

बोअरिंगवाल्याकडे ब्लॉकसोबत नवे पिस्टन पाठवायचेच. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने त्याचा बोअर कापायचा आणि पिस्टनवर नंबर टाकायचा. पिस्टन गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १२ मिलीमीटर वर मोजतात. होनिंगच्या रेघा ब्लॉकच्या वरच्या पातळीशी १५ ते २५ अंशांत एकमेकींना छेदल्या पाहिजेत. बोअर आरशासारखा चकचकीत आला तर मी परत पाठवतो, त्यावर तेल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. आल्यावर ब्लॉक डिझेलने नाही, गरम पाणी आणि साबणाने ब्रश मारून धुवायचा. होनिंगची पूड डिझेलने निघत नाही, रेघांत बसून राहते. पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुणं चालू ठेवायचं आणि लगेच तेल लावायचं. पावसाळ्यात हे विसरलं तर सकाळी बोअरवर गंज दिसतो. तेलाच्या गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश फिरवायचा आणि मेन बेअरिंगच्या बैठकीतले पिस्टनवर तेल मारणारे जेट हवा मारून पाहायचे. बंद जेटचा पिस्टन पहिल्या चढालाच धरू शकतो.

क्रँकचे मेन जर्नल (ब्लॉकमधल्या बेअरिंगात फिरणारे भाग) ८३ मिलीमीटरचे, रॉडचे (ज्यांवर रॉड बसतो ते) ६९ चे. रॉड जर्नल ६८.९६२ च्या खाली गेले की ग्राइंडिंग. इथे ते ६८.९५ पर्यंत गेले होते, म्हणून सहाही रॉड जर्नल ०.२५ मिलीमीटर कमी मापावर (दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश) घेतले. मेन मापात होते, त्यांना फक्त पॉलिश. मेन स्टँडर्ड आणि रॉड ०.२५ असं चालतं. पण एकाच ओळीतले जर्नल वेगवेगळ्या मापाचे करू नयेत. ग्राइंडिंगवाल्याला जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखायला बजावून सांगायचं. तो कोपरा टोकदार झाला की क्रँक तिथूनच तुटतो, आणि तोही भर लोडवर.

हेड आधी प्रेशर टेस्टला. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली तडे जाण्याची जागा नीट पाहायची. सीट कापताना इनटेक ३० अंश आणि एक्झॉस्ट ४५ अंश, हे गडबडीत उलटं होतं. व्हॉल्व्ह हेडच्या पातळीच्या आत ०.९९ ते १.५२ मिलीमीटर बसला पाहिजे. त्याहून खोल गेला तर कॉम्प्रेशन कमी पडतं आणि नवी सीट टाकावी लागते.

जोडणीत पहिले कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधले ठोकळे). टॅपेटचं बूड रुंद असल्यामुळे ते खालूनच जातात, म्हणून ब्लॉक उलटा असतानाच कॅम बसवून टाकायचा. चालू इंजिनात कॅम काढायची वेळ आली तर पुशरॉडच्या भोकातून लाकडी दांडे घालून टॅपेट वर धरावे लागतात.

मेन बेअरिंगच्या वरच्या पाकळीचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळतंय का ते डोळ्याने पाहायचं. मेन कॅप तीन टप्प्यांत: ६०, ११९ आणि १७६ न्यूटन-मीटर. प्लास्टीगेजवर (दाबून गॅप दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्यावर) मेनचा गॅप ०.१२ मिलीमीटरच्या आत हवा. थ्रस्ट (क्रँकची पुढेमागे हालचाल रोखणारं बेअरिंग) सहाव्या मेनवर आहे. क्रँक पुढेमागे ढकलून डायल गेजवर ०.१० ते ०.४३ यायला हवं. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा. सगळे आवळून मग जड लागला, तर कोणता धरतोय हे शोधायला परत सगळं सैल करावं लागतं.

रिंगचा गॅप बोअरमध्ये घालून फीलरने मोजायचा: वरची ०.४० ते ०.७०, दुसरी आणि ऑइल रिंग ०.२५ ते ०.५५. किटमधल्या रिंगा बरोबरच असतील असं धरून चालू नये. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि बोअर ओरबाडतो. तिन्ही गॅप १२० अंशांवर, पिस्टनवरची खूण पुढे. रॉड बोल्ट ३५, ७० आणि १०० न्यूटन-मीटर. रॉड आडवा हलवून ०.१० ते ०.३० मिळालं पाहिजे. मुळीच हलत नसेल तर कॅप उलटी बसली आहे.

टाइमिंग बाजूला या इंजिनाची एक खास धास्ती आहे. गिअर हाउसिंग जागेवर धरणारी डॉवेल पिन कंपनाने हळूहळू बाहेर सरकते आणि गिअरमध्ये पडली तर हाउसिंग फोडते. पुढचं कव्हर उघडलेलंच असतं, तेव्हा भोकाची कड पंचने ठोकून किंवा शेजारच्या बोल्टखाली पत्रीची जीभ दाबून पिन बंदिस्त करावी. पुढचं क्रँक सील बसवताना मात्र जुन्या सवयीने तेल लावायचं नाही. सीलची ओठी आणि क्रँकचं नाक दोन्ही कोरडं आणि स्वच्छ हवं, नाहीतर नवं सीलही गळतं.

ऑइल कूलर हा विसरला जाणारा भाग. बेअरिंगची पूड त्याच्या जाळीत अडकलेली असते आणि ती धुऊनही पूर्ण निघत नाही. बेअरिंग गेलेलं इंजिन असेल तर मी कूलर बदलतोच.

हेडचे २६ बोल्ट. भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं नको, त्याने टॉर्क खोटा येतो. मधून सुरू करून बाहेर जात आधी सगळे ९० न्यूटन-मीटर, मग सहा लांब बोल्ट १२०, आणि शेवटी सगळे आणखी ९० अंश फिरवून. नोझलखाली तांब्याचा एकच वॉशर; जुना चिकटून राहिला आणि त्यावर नवा घातला तर नोझल वर उचलला जातो आणि काळा धूर येतो. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हचा गॅप) गार इंजिनावर, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलीमीटर. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असताना १, २, ४ चे इनटेक आणि १, ३, ५ चे एक्झॉस्ट लावायचे; क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून उरलेले.

सुरू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात थोडं तेल ओतायचं, फिल्टर भरून लावायचा आणि डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारायचा. चालू झाल्यावर आयडलला किमान ०.७ बार आणि पूर्ण फेऱ्यांवर साधारण २ बार प्रेशर दिसायला हवं. नवं इंजिन तासभर आयडलवर 'सेट' करण्याची पद्धत घातक आहे. रिंगा बोअरवर बसायला त्यांच्यामागे गॅसचा दाब लागतो, तो लोडशिवाय येत नाही. नुसत्या आयडलने बोअर चकचकीत होतो आणि तेल खाणं पहिल्या दिवसापासून सुरू. गळती पाहून झाली की पाणी गरम व्हावं आणि गाडी अर्ध्या लोडवर रस्त्याला लागावी. फक्त इंजिन घुसमटू द्यायचं नाही, गिअर वेळेवर खाली टाकायचा.

पहिलं तेल नेहमीच्या मुदतीच्या बरंच आधी काढायचं आणि फिल्टर फेकण्याआधी कापून कागद उलगडायचा. बारीक राखाडी चमक रिंगांची असते, ती पहिल्या वेळी दिसतेच. पिवळसर तांबूस कण दिसले तर चेंबर (खालची तेलाची टाकी) लगेच उतरवून बेअरिंग पाहायचं.