मुंबईत स्वेटर घालतं कोण?

सुट्टीत लालबागला घरी आले की चाळीतला पहिला प्रश्न ठरलेला. 'विणकाम शिकायला इंग्लंडला? अगं, ते तर वरच्या मजल्यावरच्या मावशीही शिकवतील.' आणि त्याला जोडून दुसरा, 'मुंबईत स्वेटर घालतं कोण?' परवा हे विचारणारे काका गॅलरीत गंजीफ्रॉकवर उभे होते. म्हटलं, 'काका, तुम्ही घातलंय ते निटवेअरच.' त्यांना काही पटलं नाही. पण गंजीफ्रॉक, टी-शर्ट, मोजे, लेगिंग्ज, सगळं टाक्यांचंच कापड. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात. निटिंगमध्ये धाग्याचा एक फास दुसऱ्यातून ओढला जातो, म्हणून ते कापड ताणलं की ताणतं आणि सोडलं की आवरतं.

मी नॉटिंगहॅमला फॅशन निटवेअर शिकते. खारघरच्या निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेतही निटवेअर आहे, घरचे ते अजून ऐकवतात. मला मधलं एक वर्ष कंपनीत काम करायला मिळणार होतं, म्हणून हा कोर्स हवा होता. थंडी, डिसेंबरात चारच्या आत होणारा अंधार, आठवड्याला वीस तासांच्या पार्टटाइम नोकरीची मर्यादा, यावर इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय.

फॅशन म्हटलं की लोकांना रॅम्प दिसतो. आमचा दिवस आकडेमोडीत जातो. गेज म्हणजे इंचाला किती सुया. पाच गेजला जाड सूत, बारा गेजला टी-शर्टच्या जवळ जाणारं पातळ कापड. कोनवरचं सूत मशीनला लावायचं, धाग्याचं टेन्शन म्हणजे ताण जुळवायचा, खाली वजनं अडकवायची आणि सुयांवरून सरकणारं कॅरेज डावी-उजवीकडे ढकलत राहायचं. संध्याकाळी खांदे बोलतात. जर्मन स्टोल आणि जपानी शिमा सेकी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनंही आहेत, पण हातमशीनवर टाका कसा पडतो ते कळल्याशिवाय त्यांचा प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे अंदाजपंचे. माझं मत विचाराल तर डिझाइनच्या व्याख्यानांपेक्षा वर्कशॉपमधल्या टेक्निशियनजवळ बसून जास्त शिकायला मिळतं.

आणि हे गावच या धंद्याचं. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनमध्ये विल्यम ली या पाद्र्यानं 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र काढलं असं मानतात. हाताने विणणाऱ्यांची रोजीरोटी जाईल म्हणून पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट दिलं नाही, अशी आख्यायिका आहे. ली पुढे फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. रडिंग्टनला या यंत्रांवर काम करणाऱ्यांचं संग्रहालय आहे, तिथे जुन्या फ्रेम अजून चालवून दाखवतात. त्याचा व्हिडिओ मी आजोबांना दाखवला.

आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते, 1982 च्या संपापर्यंत. व्हिडिओतला खडखडाट ऐकून त्यांनी फोन कानाजवळ नेला, मग थेट मुद्द्यावर आले. 'फ्रेम कुणाची?'

'बहुतेकांची भाड्याची, आजोबा. व्यापाऱ्याची.'

'काम नसेल त्या आठवड्यात?'

'तरी भाडं कापायचे.'

'म्हणजे आमच्यापेक्षा वाईट,' म्हणाले आणि चहा मागितला.

मग मी त्यांना लडाइट लोकांचं सांगितलं. यंत्रं फोडणारे अडाणी, अशी त्यांची ख्याती. पण 1811 मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये फ्रेम फुटायला लागल्या तेव्हा ते यंत्र दोनशे वर्षं जुनं होतं, त्यावरच त्यांची पोटं चालत होती. राग मजुरी कापण्यावर होता, आणि 'कट-अप' मालावर. म्हणजे रुंद फ्रेमवर सरसकट कापड विणायचं, त्यातून मोज्याचे आकार कापायचे आणि शिवायचे. शिवण उसवायची, माल स्वस्तात जायचा आणि नीट आकार देऊन विणणाऱ्याचा भाव पडायचा. सरकारने 1812 मध्ये फ्रेम फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. कवी बायरन त्याविरुद्ध लॉर्ड्सच्या सभागृहात बोलला, कायदा तरी झालाच.

आजोबा म्हणाले, 'आम्ही एक साचा फोडला नाही. मालकानेच भंगारात काढले.'

गंमत अशी की तो कट-अपच जिंकला. तामिळनाडूतल्या तिरुपूरहून जगभर जाणारे टी-शर्ट गोल मशीनवर विणलेल्या कापडातून कापून शिवलेले असतात. आम्हाला दुसरी पद्धत शिकवतात, फुली फॅशन्ड. बगलेला टाके कमी करत जायचं, बाहीला वाढवत न्यायचं, तुकडा मशीनवरूनच आकार घेऊन उतरतो. कातरणीचा कचरा जवळजवळ नाही. मग लिंकिंग मशीनच्या एकेका टोकावर एकेक टाका चढवून गळा जोडायचा, त्यात डोळ्यांची वाट लागते. शिमा सेकीने 1995 मध्ये अख्खा कपडा बिनशिवणीचा उतरवणारं मशीनही आणलं. फूटपाथवरचा दोनशे रुपयांचा टी-शर्ट या पद्धतीने होणार नाही हे मला कळतं, आणि तो घालणाऱ्याला नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण मॉलमध्ये तसाच कापून शिवलेला टॉप चार हजाराला बघितला की मी आतून शिवण तपासते. लोअर परळच्या फिनिक्समध्ये, म्हणजे जुन्या गिरणीच्या जागेवर, हे करताना आजोबांना सोबत नेत नाही. ते मोठ्याने भाव वाचतात.

सध्या प्रोजेक्टसाठी मुंबईच्या दमट हवेचं निटवेअर करून बघतेय. सुती कापड घाम शोषतं, पण त्याला लोकरीसारखी स्वतःची लवचीकता नसते. भिजलं की जड होऊन लोंबतं. म्हणून बॉर्डरला रिब, म्हणजे उभ्या पट्ट्यांची ताणणारी वीण, घट्ट ठेवली आणि वेगवेगळे नमुने ओले करून गॅलरीत दोरीवर टांगले. व्हिस्कोसवाला सगळ्यात जास्त वाढला, तो बाद. लिनन मिसळलेला बरा निघाला, फक्त अंगाला थोडा टोचतो. टर्म सुरू झाली की ट्यूटर हिवाळ्याचं कलेक्शन मागणार. मी बारा गेजवरचे बिनबाह्यांचे सुती टॉप घेऊन जाणार आहे.