आमची वाटचाल : ‘ळ’चा भरलेला खण

जळगावातला आमचा छापखाना वडिलांनी एका डेमी फोलिओ ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, सुरू केला आणि पुढची पस्तीसेक वर्षे तो लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि अडत्यांच्या हिशेबपट्ट्या यांवर सुरळीत चालला. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, कारण त्या काळात कोणी आमचे पैसे बुडवले नाहीत आणि आम्हीही कोणाची तारीख चुकवली नाही. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर इतरांनी खिळे, म्हणजे जुळवून छापायची धातूची सुटी अक्षरे, भंगारात काढले; आमचे राहिले. त्याला वडिलांच्या हट्टाखेरीज दुसरे कारण नव्हते. आज त्याच खिळ्यांवर आम्ही चित्रकारांचे छाप काढतो, म्हणजे लाकडात किंवा लिनोत (लिनोलियमच्या मऊ तुकड्यात) कोरलेले चित्र आणि त्याच कागदावर खिळ्यांनी जुळवलेला मजकूर.

हे वळण ज्यांच्यामुळे आले त्या धुळ्याच्या एक चित्रकला शिक्षिका आहेत. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत आईच्या जुन्या वहीची पाने आणि झरीना हाशमी यांच्या कामाची काही छायाचित्रे होती. झरीना (१९३७–२०२०) या छापचित्रे करणाऱ्या चित्रकार, मूळच्या अलीगढच्या. बहिणीने उर्दूत लिहिलेल्या पत्रांवरून त्यांनी २००४ साली आठ छापांची मालिका केली, त्यात पत्रांच्या ओळी आणि घरांचे नकाशे एकमेकांवर आले आहेत. ताईंना आईच्या अहिराणीचे तसे काही करायचे होते. आमचे जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, ज्यांना आम्ही सगळे जिभाऊ म्हणतो, त्यांनी छायाचित्रे बराच वेळ पाहिली आणि एवढेच विचारले, “ताई, मजकूर आधी देशाल की चित्र?”

प्रश्न साधा वाटतो, पण सगळे त्यावरच अडते. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे सव्वातेवीस मिलिमीटरच्या आसपास. ताई कोरून आणत तो प्लाय १९ मिलिमीटरचा. दोन्ही एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, बसवायचे तर ठशाखाली चार मिलिमीटरहून थोडी जास्त भर घालावी लागते, आणि ती भर शेवटी पातळ कागदाच्या एकेका तुकड्याने वाढवत न्यावी लागते. नाही तर चित्र फिके पडते आणि अक्षरे कागदात रुततात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा शाई पातळ होते आणि सरसाचे रोलर लोण्यासारखे मऊ पडतात, म्हणून छपाई पहाटेच उरकावी लागते. लिनोला मात्र हेच ऊन मानवते; अंगणात पाच मिनिटे ठेवला की पटाशी साबणात चालावी तशी चालते.

खरी गंमत अहिराणीने केली. आमच्या केसचे, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीचे, खण प्रमाण मराठीच्या हिशेबाने भरलेले, आणि अहिराणीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’, पाण्याचे ‘पानी’. तिसऱ्याच पानाला ‘य’चा खण रिकामा झाला, ‘न’ तळाला लागला, आणि ‘ळ’ व ‘ण’ हात न लावल्यासारखे काठोकाठ भरलेले राहिले. जिभाऊ म्हणाले, एवढी वर्षे आपण आपल्या आईची भाषा कधी छापलीच नव्हती, हे मला खणाने सांगितले.

आता नकली छापांच्या प्रकरणाकडे येतो. आमच्याच गल्लीत एक डिजिटल छपाईचे दुकान होते. ताईंच्या पहिल्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका त्यांच्याकडे टाकली होती, कारण रंगीत पत्रिका आम्ही करत नाही, आणि त्यासाठी आमची दोन प्रुफे त्यांना दिली होती. ताईंनी जाहीर केले होते की प्रत्येक छापाच्या वीसच प्रती निघतील आणि मग ठसा रद्द होईल. दोन महिन्यांनी तेच छाप फोटोसारख्या चकचकीत कागदावर, खाली पेन्सिलीने ‘३/२०’ असे लिहून, चौकटीसह विकायला आले. आमच्या एका प्रतीच्या किमतीत त्यांच्या सहा. ज्यांनी पूर्ण पैसे मोजून प्रती घेतल्या होत्या त्यांनी त्या परत आणल्या. ताईंनी पगारातून पैसे फेडले, अर्धे आम्ही दिले. दुकानदाराशी बोलायला गेलो तर तो म्हणाला, “तुम्ही पण छापता, आम्ही पण छापतो.” हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्याच्या पाठोपाठ मार्च २०२० आला. लग्ने थांबली, पत्रिका गेल्या, बाजार समितीची कामेही गेली. ऑगस्टमध्ये मी भंगारवाल्याला बोलावले. खिळ्यांच्या धातूत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथिल असते, पण काट्यावर सगळे शिसेच. त्याच्या माणसांनी केसेस गोणपाटावर उपड्या करायला सुरुवात केली आणि सर्वात आधी ‘ळ’ आणि ‘ण’ पडले, न झिजलेले, चकचकीत. काट्यावर ४२ किलो झाले तेव्हा जिभाऊ आले. त्यांनी ‘य’चा अर्धा भरलेला खण दोन्ही हातांनी बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि पायरीवर बसले. “हाई नही इकानं, भाऊ.” भंगारवाला त्या ४२ किलोंचे पैसे देऊन निघून गेला. म्हणजे ‘ळ’ गेलाच. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण लग्नपत्रिकेला तो लागतो.

पुढच्या वर्षी ताईंनी आगाऊ रक्कम देऊन दहा छापांचा संच सांगितला आणि छापखाना उभा राहिला. तो संच एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात लागला. माहितीपुस्तिकेत कागदाचे नाव होते, चौकटीवाल्याचे होते, आमचे नव्हते. विचारले तर उत्तर आले की मुद्रक हा तांत्रिक भाग आहे. रविवर्मा प्रेसच्या देवदेवतांच्या चित्रांखाली छापखान्याचे नाव असे. १८६७च्या कायद्याने तर प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण बंधनकारक केले होते. इंग्रज सरकारने ते पाळत ठेवण्यासाठी केले हे मला ठाऊक आहे, पण निदान छापणारा कोणीतरी माणूस असतो एवढे त्याला मान्य होते. परदेशातल्या छाप-कार्यशाळा कागदाच्या कोपऱ्यात बिनशाईची उठावाची मुद्रा दाबतात. आम्हीही आता तशी करून घेतली आहे. उलटा ‘य’, बोटाने चाचपला तरच कळतो.

ओघात आले म्हणून नव्या चित्रकारांना सांगतो. मजकूर आधी पक्का करा आणि चित्र त्याच्या मापाने कोरा. ठशात देवनागरी कोरायची असेल तर ती उलटी उतरवून आरशात वाचा, आणि शिरोरेषा शेवटी कोरा, कारण तीच प्रथम तुटते. बहिणाबाईंच्या ओळी घेऊन येऊ नका. आसोदे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्या ओळी घेऊन दर महिन्याला कोणीतरी येतेच. तुमच्या घरी कोणी बोलत असेल ते आणा. छाप विकत घेणाऱ्यांनी कागद उलटा करून मागून बोट फिरवावे; दाब लागलेला असेल तर हाताला कळतो, आणि भिंगाखाली बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती मशीनवर काढलेली नक्कल समजावी.

सध्या ताईंच्या दुसऱ्या संचाचे काम सुरू आहे. ‘य’ मोजून १४० उरले आहेत, त्यातले अठरा झिजलेले, आणि ओतून देणारे आता आम्हाला कोणी सापडत नाही. म्हणून एक पान जुळवायचे, वीस प्रती काढायच्या, खिळे सोडवून परत खणांत टाकायचे आणि मग पुढच्या पानाला हात घालायचा, असे ठरले आहे. चौथ्या पानावर आईने शेतातल्या विहिरीबद्दल लिहिले आहे आणि त्यात एकशे एक्कावन्न ‘य’ लागतात. ताई एकही शब्द बदलायला तयार नाहीत. जिभाऊंनी कालपासून सागाच्या तुकड्यावर एकोणतीस ‘य’ कोरायला घेतले आहेत.