पर्वतीच्या पायथ्यापासून कात्रजपर्यंत

‘कोंडलेले जनावर पाहून तुमचा जीव तुटतो म्हणता, मग सोसायटीतल्या मुलांना घेऊन दरवर्षी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात कशाला जाता?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्यांनाही प्राण्यांविषयी कळवळा असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावेसे वाटते.

माझे बालपण सदाशिव पेठेत गेले. वाघ, अस्वल, हत्ती हे सारे मी प्रथम पाहिले ते पेशवे पार्कमध्ये. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांच्या काळी शिकारखाना, म्हणजे पाळलेल्या वन्य प्राण्यांचा संग्रह, होता आणि तिथल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने १७९० मध्ये काढले होते. त्याच परिसरात १९५३ साली महानगरपालिकेने हे उद्यान उभारले आणि १९५६ पासून तिथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. आगगाडीत बसायचे, पिंजऱ्यांवरून एक फेरी मारायची आणि शेंगा खात घरी यायचे, यापलीकडे सुट्टीकडून आमची अपेक्षा नसे.

तिथले एक अस्वल मला विसरता येत नाही. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात उभे राहून ते तासन्‌तास मान डावी-उजवीकडे हलवत असे, आणि आम्ही मुले ‘अस्वल नाचतंय’ म्हणून टाळ्या वाजवत असू. जागा अपुरी आणि दिवसभर करण्यासारखे काही नाही, अशा स्थितीत ठेवलेली जनावरे एकच हालचाल पुन्हापुन्हा करत राहतात, वाघ गजांलगत येरझारा घालतो, हत्ती जागच्या जागी डोलतो, आणि हे सारे त्रासाचे लक्षण असते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. त्या टाळ्यांची खंत मला अजूनही वाटते. २००५ मध्ये पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलवण्यात आले तेव्हा हळहळलेले पुणेकर पुष्कळ होते. मला मात्र मनापासून बरे वाटले.

कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय तलाव धरून सुमारे १३० एकरांचे आहे. गजांच्या जागी खंदक आणि झाडी आली, आणि त्याबरोबर ‘एवढे चाललो, पण बिबट्या दिसलाच नाही’ ही तक्रारही आली. माझ्या मते ही तक्रार म्हणजे त्या जागेची शाबासकी आहे. माणसांच्या नजरेआड जाऊन झोपता येणे ही प्राण्याची साधी गरज आहे, आणि ती जिथे पुरी होते तिथेच मी मुलांना नेतो. बिबट्याच्या कुंपणापाशी आम्ही न बोलता दहा मिनिटे थांबतो. कधी गवतातून कान दिसतो, कधी काहीच दिसत नाही.

पांढऱ्या वाघापुढे मात्र मी मुलांना वेगळे काही सांगतो. भारतातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा वंश १९५१ मध्ये रेवाच्या महाराजांनी पकडलेल्या ‘मोहन’ या वाघापर्यंत जातो. रंग टिकावा म्हणून त्याचा त्याच्याच मुलीशी संयोग घडवण्यात आला आणि पुढेही जवळच्या नात्यांतच पैदास होत राहिली, त्यामुळे तिरळेपणासारखे दोष त्यांच्यात आले. तो दुर्मीळ म्हणून गर्दी होते. पण ती दुर्मिळता माणसाने प्रदर्शनासाठी जोपासलेली आहे. नवे उद्यान उभारताना पांढरा वाघ मागणाऱ्या प्रत्येक शहराने हे आधी जाणून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

आमचा निम्मा वेळ तिथल्या सर्पोद्यानातच जातो. सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते, साप डिवचल्याशिवाय चावत नाही हे लोकांना पटावे म्हणून. पुढे १९८६ मध्ये त्यांनीच कात्रजला सर्पोद्यान उभे केले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मी मुलांना शांतपणे न्याहाळायला लावतो. घोणशीच्या पाठीवरच्या साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा आणि मण्यारीचे काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे त्यांना ओळखता आले पाहिजेत, कारण पावसाळ्यात आजोळी गेल्यावर हे साप त्यांना खरोखरच भेटू शकतात. धामण दिसताच काठी शोधणाऱ्या घरात ‘अहो बाबा, ही बिनविषारी आहे’ असे सांगणारे एक मूल जरी तयार झाले, तरी ती धामण वाचते. हे शिक्षण वाहिनीवरचा माहितीपट पाहून होत नाही. काचेपलीकडे जिवंत साप जीभ लवलवत पुढे सरकताना पाहिल्यावरच ते मनात उतरते. काचेवर टकटक करायची नाही, हा आमचा पहिला नियम, कारण साप तो धक्का सबंध अंगाने अनुभवतो.

तेव्हा मी जातो, आणि जातच राहीन. तुम्हीही या, फक्त बुधवार सोडून, कारण त्या दिवशी उद्यान बंद असते आणि प्राण्यांना कोणी पाहत नाही.